जखमेतील रक्तप्रवाहाचे प्रकाशचित्र : भाजलेल्या त्वचेच्या संदर्भात

प्रास्ताविक

भाजलेली जखम किती खोल आहे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. जखम समोर आहे, उघडी आहे, डोळ्यांनी दिसते आहे. मग तिची खोली सांगण्यात अडचण ती कोणती? परंतु शल्यचिकित्सकांना विचारले तर ते सांगतील की भाजण्याच्या उपचारातील सर्वांत अवघड निदान हेच होय. प्रस्तुत लेखात या निदानासाठी लेसर प्रकाशाचा उपयोग कसा केला जातो, त्यामागील भौतिकशास्त्र काय आहे आणि या पद्धतीने मिळणाऱ्या आकड्यांवर किती विसंबावे, याची चर्चा करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्याचा गाभा बी.एस्सी.च्या प्रकाशशास्त्राच्या अभ्यासक्रमातलाच आहे. डॉप्लर परिणाम, व्यतिकरण आणि प्रमाण विचलन या तीन गोष्टी आपण वर्गात स्वतंत्रपणे शिकवतो. येथे त्या एकाच जखमेवर एकत्र येतात.

समजा, चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर आंघोळीसाठी काढलेले कढत पाणी सांडले आणि दंडापासून मनगटापर्यंत हात पोळला. डॉक्टर जखम धुतात, मलमपट्टी करतात आणि म्हणतात, "दोन-तीन दिवस थांबू, मग ठरवू." घरच्यांना हे उत्तर पटत नाही. डॉक्टरांना कळत नाही म्हणून ते वेळ काढत आहेत, असे नातेवाइकांना वाटते. वस्तुस्थिती अशी की पहिल्या दिवशी ती जखम किती खोल आहे हे खुद्द जखमेचेच पक्के ठरलेले नसते. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे.

जखम पक्की होण्यास लागणारा काळ

बाह्यत्वचा भाजली तर ती आठवडाभरात नवी येते, खूणही राहत नाही. अंतस्त्वचेचा वरचा थर जळाला तर फोड येतात, वेदना भयंकर होतात, पण केसांच्या मुळांशी आणि घर्मग्रंथींशी शिल्लक राहिलेल्या पेशींपासून नवी त्वचा पसरते आणि दोन आठवड्यांच्या आसपास जखम भरते. संपूर्ण अंतस्त्वचा जळाली तर ती आपोआप भरून येण्याची आशा नसते. त्वचारोपण करावेच लागते. ही दोन्ही टोके अनुभवी डोळ्याला ओळखता येतात. खरी पंचाईत मधल्या जखमांची. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन जखमांपैकी एक बाराव्या दिवशी भरते आणि दुसरी पाच आठवडे रेंगाळते.

बर्मिंगहॅम येथील अपघात रुग्णालयातील शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात भाजलेल्या जागेचे तीन पट्टे वर्णन केले. मध्यभागी ऊती मेलेल्या असतात, तेथील रक्तवाहिन्या गोठून बंद झालेल्या असतात. सर्वांत बाहेर दाहाने लाल झालेला, भरपूर रक्तप्रवाह असलेला पट्टा असतो. तो बरा होतो. या दोहोंमध्ये जो पट्टा असतो तेथे रक्तप्रवाह मंदावलेला असतो, थांबू पाहत असतो. ऊती जिवंत असतात पण उपाशी असतात. पुढील दोन-तीन दिवसांत या मधल्या पट्ट्यातील रक्तप्रवाह पूर्ववत झाला तर तो भाग वाचतो. केशवाहिन्या बंद पडत गेल्या तर तो भागही मेलेल्या भागात जमा होतो. म्हणजेच जखमेची खोली आगीने किंवा पाण्याने एका क्षणात ठरवलेली नसते. ती नंतर रक्तप्रवाह ठरवतो. डॉक्टरांचे थांबणे हे त्या निकालासाठी थांबणे असते.

मात्र फार थांबूनही चालत नाही. तीन आठवड्यांच्या आत भरलेल्या जखमेचा व्रण सहसा सौम्य असतो. त्यापुढे जखम लांबली की जाड, ताठ, सतत खाजणारा व्रण होण्याचा संभव वाढत जातो आणि तो कोपरासारख्या सांध्यावर असेल तर सांधा आखडतो. पूर्वी जळलेला थर आपोआप सुटून येईपर्यंत वाट पाहण्याची रीत होती. तत्कालीन युगोस्लाव्हियातील मारिबोर येथील झोरा यांझेकोविच या शल्यचिकित्सिकेने 1970 साली वेगळी पद्धत मांडली. पहिल्या काही दिवसांतच जळलेल्या त्वचेचे पातळ पापुद्रे एकामागून एक कापत जायचे, खालून ताजे रक्त पाझरू लागले की थांबायचे आणि लगेच त्वचारोपण करायचे. जगभरच्या भाजलेल्या रुग्णांच्या उपचाराला या पद्धतीने वळण दिले. येथे एक गोष्ट सहज लक्षात येते : ऊती जिवंत आहे की नाही याची खूण म्हणून यांझेकोविच यांनीही रक्तप्रवाहच वापरला. फरक इतकाच की तो पाहण्यासाठी सुरी चालवावी लागत होती.

सुरी न चालवता तो पाहता आला तर? कारण चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. जी जखम आपोआप भरली असती तिच्यावर त्वचारोपण केले तर मांडीवरची चांगली त्वचा विनाकारण काढली जाते, तेथे नवी जखम आणि नवा व्रण तयार होतो. उलट ज्या जखमेवर त्वचारोपण हवे होते ती तशीच ठेवली तर जंतुसंसर्ग, दीर्घ मुक्काम आणि आखडलेला हात पदरी येतो. बोटाने दाबून पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल होते का ते पाहणे, सुई टोचून वेदना जाणवते का ते विचारणे, या जुन्या चाचण्या अद्याप वापरात आहेत आणि त्या फुकट आहेत. पण मधल्या खोलीच्या जखमांत अनुभवी तज्ज्ञाचा अंदाजही साधारणपणे दर तीनपैकी एका वेळी चुकतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकानुसार भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्या प्रमाणावर हा प्रश्न ठेवून पाहिला की त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

त्वचेत शिरलेला प्रकाश आणि बदललेला सूर

अंधारात विजेरीवर तळहात ठेवला तर बोटे लाल प्रकाशाने उजळतात, हे आपण लहानपणी सर्वांनीच पाहिले आहे. निळा व हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. तांबडा प्रकाश बराच आत जातो, सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातील काही भाग परत बाहेर येतो. परत येणाऱ्या या प्रकाशाने वाटेत स्थिर तंतूही पाहिलेले असतात आणि धावणाऱ्या तांबड्या रक्तपेशीही. धावत्या पेशीवरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे किंचित बदलते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी हा परिणाम 1842 साली मांडला तो ताऱ्यांच्या संदर्भात; पण नियमाला ताराही सारखा आणि रक्तपेशीही सारखीच.

हा बदल किती असतो ते वर्गात फळ्यावर काढून दाखवण्यासारखे आहे. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 633 नॅनोमीटर, म्हणजे वारंवारता सुमारे 4.7 × 10¹⁴ हर्ट्झ. केशवाहिनीतील रक्तपेशीचा वेग सेकंदाला साधारण 1 मिलिमीटर किंवा त्याहून थोडा कमी. वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी हे सूत्र वापरले तर वारंवारतेतील जास्तीत जास्त बदल तीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो; ऊतींचा अपवर्तनांक धरला तर चार हजारांच्या थोडा वर. मूळ वारंवारतेच्या तुलनेत हा बदल दहा-पंधरा हजार कोटी भागांत एक भाग इतका सूक्ष्म आहे. कोणत्याही लोलकाने किंवा जाळीने तो वेगळा करता येणार नाही.

मग तो मोजतात कसा? तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या की जो आवाजाचा चढउतार ऐकू येतो, ज्याला आपण विस्पंद म्हणतो, तीच युक्ती येथे आहे. स्थिर ऊतींवरून आलेला न बदललेला प्रकाश ही एक तार; पेशींवरून आलेला किंचित बदललेला प्रकाश ही दुसरी तार. दोन्ही एकाच शोधकावर पडले की प्रकाशाची तीव्रता त्या फरकाइतक्या वारंवारतेने कमीजास्त होते. हा फरक श्राव्य मर्यादेत येतो. शोधकाला ध्वनिवर्धक जोडला तर त्वचेतील रक्तप्रवाहाची खरखर अक्षरशः ऐकता येते. केशवाहिन्या सर्व दिशांना पसरलेल्या असल्यामुळे एकच सूर न मिळता अनेक वारंवारतांचे मिश्रण मिळते. त्या वर्णपटावरून पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असणारी एक राशी काढली जाते. तिला आपण रक्तसिंचन म्हणू.

या युक्तीसाठी प्रकाश अत्यंत शुद्ध, एकाच वारंवारतेचा हवा. तो लेसरशिवाय शक्य नव्हता. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी मे 1960 मध्ये चालवला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावान, विल्यम बेनेट व डोनाल्ड हेरियट यांनी पहिला वायू-लेसर तयार केला. जावान हे मूळचे तेहरानचे. त्यांच्या हेलियम-निऑन नळीचीच तांबडी आवृत्ती आज आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे, आणि त्वचेचे डॉप्लर मापन करणारी यंत्रेही दीर्घकाळ त्याच नळीवर चालली. 1964 मध्ये ये आणि कमिन्स यांनी द्रवाचा वेग लेसरने मोजला, 1972 मध्ये रिव्हा व सहकाऱ्यांनी डोळ्याच्या पडद्यातील वाहिन्यांपर्यंत ही पद्धत नेली आणि 1975 मध्ये मायकेल स्टर्न यांनी ती जिवंत त्वचेवर वापरून दाखवली.

सुरुवातीची यंत्रे एका बिंदूवर टेकवायच्या शलाकेची होती. जखमेला ती उपयोगी नव्हती. एक तर भाजलेल्या त्वचेला स्पर्श नको, आणि दुसरे म्हणजे मिलिमीटरभर शलाका सरकली की आकडा बदलतो. 1990 नंतर आरशाने लेसरचा किरण जखमेवर ओळीओळीने फिरवून संपूर्ण भागाचा नकाशा काढणारी यंत्रे आली. यंत्र अर्धा-एक मीटर दूर राहते, रुग्णाला काही टोचत नाही, शरीरात रंगद्रव्य सोडावे लागत नाही. 1993 मध्ये भाजलेल्या जखमांवर अशा यंत्राचा उपयोग करून पाहिल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. भरपूर रक्तप्रवाहाची जागा तांबडी, मंद प्रवाहाची निळी, असे रंग संगणक भरतो.

आकडे काय सांगतात

ब्रिटनमधील पेप, स्कूरास व बर्न यांनी 2001 मध्ये मधल्या खोलीच्या 76 जखमांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात तज्ज्ञांच्या नजरेचा अंदाज 70 टक्के जखमांत बरोबर ठरला, तर लेसर डॉप्लरचा 97 टक्के. अशा टक्केवाऱ्या जाहिरातीत शोभून दिसतात, म्हणून मला 2009 सालचा बेल्जियममधील गेंट येथील अभ्यास अधिक बोलका वाटतो. होक्सेमा व सहकाऱ्यांनी 40 रुग्णांची पाहणी वेगवेगळ्या दिवशी केली. भाजल्याच्या दिवशीच यंत्र वापरले तेव्हा त्याचा अंदाज जेमतेम 54 टक्के बरोबर आला. नाणे उडवले असते तरी फारसे बिघडले नसते. दुसऱ्या दिवशी तो सुमारे 80, तिसऱ्या दिवसानंतर 95, पाचव्या दिवसानंतर 97 आणि आठव्या दिवसानंतर 100 टक्के झाला. नजरेचा अंदाज त्याच दिवशी अनुक्रमे सुमारे 41, 62, 53, 71 आणि 100 टक्के होता.

हा तक्ता नीट वाचला तर दोन गोष्टी हाती लागतात. पहिल्या दिवशी यंत्रही फसते, कारण जॅक्सन यांचा मधला पट्टा तेव्हा निर्णयाच्या उंबरठ्यावर असतो. जे अजून घडलेच नाही ते प्रकाशाने दिसणार कसे? आणि आठव्या दिवशी यंत्राची गरजच उरत नाही, कारण तेव्हा डोळ्यालाही सर्व दिसते. यंत्राचे खरे मोल तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या खिडकीत आहे. योगायोग असा की शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यास हाच काळ सर्वांत सोयीचा असतो. ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2011 मध्ये मधल्या खोलीच्या जखमांसाठी अशा यंत्राच्या वापराची शिफारस केली, तीही नजरेच्या तपासणीच्या जोडीने. तिच्या जागी नव्हे.

दाणेदार ठिपक्यांची दुसरी वाट

लेसरचा ठिपका भिंतीवर पाडला की तो गुळगुळीत न दिसता दाणेदार, चमचमता दिसतो. खडबडीत पृष्ठभागावरून निघालेल्या असंख्य तरंगांचे व्यतिकरण होऊन काही जागी उजेड, काही जागी काळोख तयार होतो. या दाण्यांना स्पेकल म्हणतात. लेसरच्या पहिल्या वर्षांत संशोधकांनी याला निव्वळ उपद्रव मानले, कारण छायाचित्रे खराब होत. पुढे लक्षात आले की पृष्ठभाग स्थिर असेल तर दाणे स्थिर राहतात आणि आतील कण हलत असतील तर दाणे उकळल्यासारखे बदलतात. कॅमेऱ्याची झडप पाच मिलिसेकंद उघडी ठेवली तर सेकंदाला 1 मिलिमीटर वेगाची रक्तपेशी तेवढ्यात पाच मायक्रॉन सरकते, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्या जवळजवळ आठ तरंगलांब्या. दाण्यांचे चित्र पुसट होण्यास एवढे पुरेसे आहे. जेथे प्रवाह अधिक, तेथे चित्र अधिक पुसट.

हा पुसटपणा मोजण्याचे साधन आपल्या सांख्यिकीच्या पहिल्या धड्यातले आहे. चित्रातील 5 × 5 किंवा 7 × 7 बिंदूंची चौकट घ्यायची, तिच्यातील तीव्रतेचे प्रमाण विचलन काढायचे आणि त्याला सरासरीने भागायचे. या गुणोत्तराला स्पेकलचा विरोधाभास, म्हणजे कॉन्ट्रास्ट म्हणतात. सर्व काही आदर्श असेल तर स्थिर पृष्ठभागासाठी तो 1 येतो, अतिवेगवान प्रवाहासाठी शून्याकडे जातो. प्रवाह दुप्पट झाला म्हणून तो निम्मा होत नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे. झडप पुरेशी वेळ उघडी असेल तर कॉन्ट्रास्टच्या वर्गाचा व्यस्तांक प्रवाहाच्या वेगाच्या प्रमाणात धरता येतो.

अडॉल्फ फर्चर आणि डेव्हिड ब्रायर्स यांनी ही कल्पना 1981 साली मांडली तेव्हा फिल्म धुऊन पुढचे सोपस्कार करावे लागत. डॉक्टर तेवढा वेळ थांबणे शक्य नव्हते. अंकीय कॅमेरे आल्यावर 1996 मध्ये ब्रायर्स व वेब्स्टर यांनी हिशेब संगणकावर आणला आणि 2001 मध्ये डन व सहकाऱ्यांनी याच पद्धतीने मेंदूच्या पृष्ठभागावरील रक्तप्रवाहाचे चलच्चित्र मिळवले. येथे आरसा फिरवावा लागत नाही. संपूर्ण चित्र एका क्षणात मिळते, त्यामुळे रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही पद्धत सोयीची. तोटा असा की ती त्वचेच्या वरच्या थराचेच, साधारण मिलिमीटरच्या काही दशांश खोलीपर्यंतचे सांगते. डॉप्लर त्याहून काहीसे खोल पाहते. भाजण्याच्या जखमांबाबतचा पुरावाही डॉप्लरच्या बाजूने अधिक जमा झालेला आहे.

आकड्याच्या मर्यादा

दोन्ही पद्धतींत मिळणारा आकडा हा मिनिटाला इतके मिलिलीटर रक्त असा नसतो. तो सापेक्ष असतो. यंत्र प्रमाणित करण्यासाठी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिक गोळ्यांचे द्रावण वापरतात आणि त्या गोळ्यांच्या ब्राउनी गतीला ठराविक आकडा देतात. म्हणून एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहणे व्यर्थ होय. शिवाय दंडाला पट्टा आवळून हाताचा रक्तपुरवठा पूर्ण थांबवला तरी आकडा शून्यावर येत नाही. वाहिन्यांत अडकलेल्या पेशी जागच्या जागी थरथरत असतात, त्याचीही नोंद होते. याला जैविक शून्य म्हणतात. मेलेल्या ऊतीतही थोडा आकडा दिसतो, तो यामुळेच.

जखमेवर मलमाचा थर असेल, वाळलेली खपली असेल तर प्रकाश आत पोहोचतच नाही आणि चांगली ऊती मेल्यासारखी दिसते. जंतुसंसर्ग झाला तर प्रवाह वाढतो आणि वाईट जखम चांगली भासते. दंड किंवा बोट गोल असल्यामुळे कडेच्या भागावर प्रकाश तिरपा पडतो, तेथेही आकडा खाली येतो. रुग्णाला थंडी वाजत असेल तर त्वचेच्या वाहिन्या आकुंचन पावतात. मूल हलले तर तर सगळेच बिघडते. चित्राशेजारी त्याच जागेचे साधे छायाचित्र नेहमी घ्यावे असे सांगतात, ते याच कारणासाठी.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य बाह्यत्वचेत असते आणि ते तांबडा प्रकाशही शोषते. सावळ्या त्वचेतून परत येणारा प्रकाश कमी असतो. यंत्रे मिळालेल्या एकूण प्रकाशाने भागून हिशेब करतात, त्यामुळे कमी प्रकाश म्हणजे कमी रक्त असा ढोबळ घोटाळा होत नाही. पण प्रकाश कमी झाला की गोंगाटाचे प्रमाण वाढते आणि आकडा डळमळतो. फोड निघून गेलेल्या जागी बाह्यत्वचाच नसते, म्हणून प्रत्यक्ष जखमेवर ही अडचण कमी. मात्र शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना करताना ती पुन्हा उभी राहते. असे प्रश्न वेळीच विचारले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही प्रकाशावरच चालतो आणि कोविडच्या काळात तो घरोघरी पोहोचला. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू 88 टक्क्यांच्या खाली गेलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के होते. यंत्र जुनेच होते. प्रश्न मोठ्या प्रमाणावर उशिरा विचारला गेला. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की सावळ्या त्वचेवर लाली ओळखणे डोळ्यालाही कठीण जाते. म्हणजे जेथे यंत्राची गरज अधिक, तेथेच ते अधिक तपासून घ्यावे लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत

रुग्णालयातील यंत्र आपल्याला परवडणारे नाही. पण स्पेकलचे तत्त्व दाखवायला ते लागतही नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने 2013 मध्ये साधा वेबकॅम व लेसर पॉइंटर वापरून रक्तप्रवाहाचे चित्रण करता येते हे दाखवले आहे. आम्ही विद्यार्थ्यांबरोबर जे केले ते याहून साधे होते. प्रयोगशाळेतील हेलियम-निऑन लेसर घेतला, त्याचा किरण लहान अंतर्गोल भिंगाने पसरवला आणि रुपयाएवढा भाग उजळला. कॅमेऱ्याची आपोआप उजेड जुळवण्याची सोय बंद करणे अत्यावश्यक आहे. ती चालू राहिली तर कॅमेरा आपणहून झडपेचा वेळ बदलतो आणि सगळा हिशेब वाया जातो. चित्रे दाबून लहान करणाऱ्या स्वरूपात साठवू नयेत. एकेक दाणा कॅमेऱ्याच्या किमान दोन बिंदूंएवढा मोठा हवा, त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे. हिशेबाला 'इमेजजे' ही मोफत आज्ञावली पुरते. मात्र चित्र आधी 32 बिटमध्ये बदलून घ्यावे.

पहिल्यांदा कोरा कागद, मग कपभर दूध. दूध टेबलावर निवांत ठेवलेले असते, तरी त्यावरचे दाणे उकळत असतात, कारण स्निग्धाचे कण ब्राउनी गतीने हलत असतात. जैविक शून्याची कल्पना शब्दांनी समजावण्यापेक्षा हे दाखवलेले बरे. आमच्या एका विद्यार्थिनीने त्याच दुधाला विरजण लावून रात्रभर दर अर्ध्या तासाने चित्र घेतले. दही लागत गेले तसे दाणे स्थिर होत गेले आणि सकाळी कागदासारखे थिजले. पाठ्यपुस्तकात नसलेला हा प्रयोग तिने स्वतःच सुचवला होता.

त्यानंतर बोट. तळहात टेबलावर टेकवून ठेवावा, मधल्या बोटाचे टोक उजेडात असावे. दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून वरच्या रक्तदाबापेक्षा थोडा अधिक दाब मिनिटभर द्यावा, त्याहून अधिक वेळ नको, आणि मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या व्यक्तीवर हा प्रयोग करूच नये. किरण कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही अशी बैठक ठेवावी. बाजारातील स्वस्त लेसर पॉइंटरवर 1 मिलिवॅट लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष शक्ती पुष्कळदा जास्त निघते. म्हणून ते टाळलेले चांगले. दाब देताच दाणे स्पष्ट होतात, कॉन्ट्रास्ट वाढतो. पट्टा सैल केला की तो झपाट्याने उतरतो आणि काही काळ मूळ पातळीच्याही खाली राहतो. उपाशी राहिलेल्या ऊतींनी वाहिन्या रुंद करून घेतलेल्या असतात, त्यामुळे रक्त नेहमीपेक्षा जोराने येते. जखमेच्या मधल्या पट्ट्यात डॉक्टर ज्या परतीच्या प्रवाहाची वाट पाहत असतात, तो तेथे इतका झटपट येत नाही, त्याला दिवस लागतात, हे या वेळी सांगता येईल.

वेळ आडव्या अक्षावर आणि कॉन्ट्रास्टच्या वर्गाचा व्यस्तांक उभ्या अक्षावर घेऊन विद्यार्थ्यांनी आलेख काढावा. उभ्या अक्षावर एकक लिहू नये. तेथे एकक नाही. आमच्या वर्गात दर वेळी निम्मे विद्यार्थी तेथे मिलिमीटर प्रति सेकंद लिहितात, आणि ते खोडायला लावताना वर सांगितलेले प्रमाणीकरण पुन्हा एकदा समजावून द्यावे लागते.